एका खाचराचे किती मालक? सुंडा खेड्यातली मालमत्ता

पश्चिम जावाच्या डोंगराळ भागात, गारुत किंवा तासिकमालाया जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीत उभं राहून समोरच्या भातखाचराकडे बोट दाखवलं आणि 'हे कोणाचं?' असं विचारलं, तर साधारण असं उत्तर मिळू शकतं. करपावतीवर नाव आजोबांचं, ते जाऊन बरीच वर्षं झाली. जमीन वाट्याला आली थोरल्या मुलीच्या. तिने ती शेजारगावच्या दुकानदाराकडे गहाण ठेवली आहे. दुकानदार काही चिखलात उतरत नाही, म्हणून खाचर कसतो तिचाच नवरा, दुकानदाराचा अर्धेलीवाला म्हणून. यंदाच्या कापणीचा हक्क ज्या तीन बायकांनी मजुरी न घेता लावणी करून दिली त्यांचा. आणि कडेचा माड धाकट्या भावाचा.

यात कोणी कोणाला फसवलेलं नाही. सुंडा माणसासाठी जमीन, तिच्यावरची झाडं, घर, उभं पीक आणि त्यातून वाहणारं पाणी या वेगवेगळ्या वस्तू आहेत आणि प्रत्येकीला वेगळा धनी असू शकतो. हे एकदा ध्यानात आलं की बाकीचा गुंता बराचसा सुटतो.

सुंडा हा जावा बेटाच्या पश्चिम भागातला समाज. इंडोनेशियात जावानीजांच्या खालोखाल संख्या त्यांचीच. भाषा वेगळी, धर्म मुख्यतः इस्लाम, आणि गावांची नावं पाण्यावरून: चिआंजुर, चिमाही, चिआमिस. यातलं 'चि' म्हणजे 'चाइ', पाणी. पाण्यावरून नाव पडलेल्या गावाची मांडणीही पाण्याच्या उतारानेच होते. त्यांच्याकडे एक जुनी म्हण आहे. तिचा भावार्थ असा: डोंगरावर झाडं, कड्यावर बांबू, झऱ्याची राखण, टेकडीवर तालुन (लावलेलं जंगल), सपाटीवर खाचरं, खोलगट जागी तळं. कोणती जमीन कशासाठी, याचा हा तोंडी विकास आराखडाच म्हणायचा.

प्रत्यक्षात वरच्या झऱ्याचं पाणी बांबूच्या पन्हळीतून आधी वस्तीत येतं. तिथून ते घराशेजारच्या तळ्यात, म्हणजे 'बालोंग'मध्ये पडतं. तळ्यात मासे असतात: कार्प, तिलापिया, गुरामी. स्वयंपाकघरातलं खरकटं तिथेच जातं आणि जुन्या पद्धतीत शौचकूपही तळ्यावरच असे. आरोग्याच्या दृष्टीने ही मोठीच खोट, पण माशांना खाद्य आणि खाली जाणाऱ्या पाण्याला खत दोन्ही त्यातून मिळत. तळं अधूनमधून उपसतात, मासे धरतात आणि तळातला गाळ परसात टाकतात. तळ्यातून निघालेलं पाणी पहिल्या खाचरात, तिथून बांधाच्या तोंडाने दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. एकाच्या खाचरातून गेल्याशिवाय दुसऱ्याला पाणी मिळत नाही.

जमीन मोजतात 'टुंबाक'मध्ये. टुंबाक म्हणजे भाला. एक टुंबाक साधारण 14 चौरस मीटर, हेक्टरला सुमारे 700. आपल्या हिशेबात सात टुंबाक म्हणजे जवळजवळ एक गुंठा. शंभर टुंबाक खाचर असलेला, म्हणजे चौदा गुंठेवाला, तिथे भूमिहीनांत मोडत नाही. अर्ध्या हेक्टरच्या आतल्या शेतकऱ्याला सरकारी भाषेत 'पेतानी गुरेम' म्हणतात, आणि जावात बहुसंख्य शेतकरी त्यातच येतात.

घर उचलून नेता येतं तेव्हा

जुनं सुंडा घर जमिनीपासून फूट-दोन फूट उंच, दगडी उथळ्यांवर टेकवलेल्या लाकडी खांबांवर उभं असतं. भिंती बांबूच्या विणलेल्या तट्ट्यांच्या, खालच्या पोकळीत कोंबड्या आणि सरपण. आत 'गोआह' नावाची तांदळाची खोली. ती बाईच्या ताब्यात. जुनी रीत पाळणाऱ्या कांपुंग नागासारख्या वस्तीत पुरुषाने तिच्यात पाऊल टाकायचं नसतं.

या घराला पाया नाही, ही मालमत्तेच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ते सुटं करून दुसरीकडे उभारता येतं, म्हणून ते जंगम मालात धरलं जातं. घर माझं, जागा तुझी, ही व्यवस्था त्यातून आली. तिला 'नुम्पांग' म्हणतात. जागेचा मालक भाडं घेत नाही, लावणी-कापणीला हाक मारल्यावर घरवाल्याने यावं एवढीच अपेक्षा. जागा लागली की मालक सांगतो आणि घर हलतं. इंडोनेशियाचा 1960 चा मूलभूत भूमी कायदाही रूढीवर आधारलेला असल्यामुळे जमीन आणि तिच्यावरचं बांधकाम वेगळ्या मालकीचं असू शकतं हे तत्त्व तिथे चालतं.

अडचण आली ती विटांनी. मुलगी आखाती देशात घरकामाला जाते, पैसे पाठवते, आणि आईबाप तट्ट्या काढून विटा-सिमेंटच्या भिंती घालतात. आता ते घर हलत नाही. जागेचा मालक मेला, त्याची मुलं वाटणीला बसली, की वीस वर्षांचा तोंडी शब्द आणि काही कोटी रुपियाचं बांधकाम समोरासमोर येतं. शहाणी माणसं वीट लावण्याआधी निदान गावच्या कचेरीत दोन साक्षीदारांसमोर लिहून घेतात, किंवा घराखालचे चार-पाच टुंबाक विकतच घेऊन टाकतात.

झाडांचंही तसंच. घरामागचा, टेकडीवरचा तुकडा म्हणजे 'तालुन', लावलेलं जंगल. बांबूच्या तालुनात बांबू तोडला की पहिल्या वर्षी भाजीपाला आणि कडधान्य, दुसऱ्या वर्षी कसावा, तोवर बांबू परत डोकं काढतो आणि चार-सहा वर्षांनी पुन्हा तोडीला येतो. इतर तालुनात ताडगुळाची झाडं, जेंगकोल (उग्र वासाच्या खाण्याच्या शेंगांचं झाड), लवंग, केळी, खाली सावलीला वेलदोड्याची जात आणि मध्ये अल्बिझिया. अल्बिझिया पाच-सात वर्षांत विकण्याजोगा होतो. शाळेची फी, लग्न, दवाखाना असा खर्च आला की तो तोडतात. व्यापारी उभं झाड विकत घेतो, जमीन नाही. ताडगूळ करणारा झाडाच्या मालकाशी गुळाचा वाटा ठरवतो, त्यालाही जमिनीशी देणंघेणं नसतं. म्हणून तालुन विकत घेताना 'झाडांसकट' हे शब्द कागदावर नसतील, तर पुढच्या आठवड्यात कोणीतरी करवत घेऊन येऊ शकतो, आणि त्याचंही बरोबर असतं.

अर्धेली, आणि फुकटची लावणी

खाचराचं चक्र आपल्या कोकणातल्या माणसाला परकं वाटणार नाही. नांगरणी, चिखलणी, बांधाची कड तासून स्वच्छ करणं (नाम्पिंग) आणि मग तिला चिखलाचा लेप देणं (मोपोक). मोपोक नीट नसेल तर खेकड्यांच्या बिळांतून पाणी झिरपतं आणि खत खालच्याच्या खाचरात जातं. तासणी करताना दर हंगामाला बोटभर माती आपल्या बाजूने खरवडली की दहा वर्षांत बांध अर्धा होतो. बांधावरून भांडण हे दोन्ही देशांत सारखंच. त्यानंतर 'चाप्लाक' नावाच्या दातेरी आखणीने 25 सेंटिमीटरच्या चौकटी आखून, तीनेक आठवड्यांची रोपं मागे सरकत लावतात.

जमीन वाट्याने देण्याचे दोन मुख्य प्रकार. 'मारो' म्हणजे अर्धेली. 'मेर्तेलू' म्हणजे तिहाई, त्यात कसणाऱ्याला बहुधा एकच भाग मिळतो, पण खर्चाचा मोठा भाग मालक उचलतो. कोणता प्रकार लागेल ते जमिनीच्या प्रतीवर, पाण्याच्या खात्रीवर आणि गावात जमीन मागणारे किती आहेत त्यावर ठरतं. 1960 च्याच वाटेकरी कायद्याप्रमाणे करार लेखी हवा, गावप्रमुखासमोर व्हायला हवा आणि खाचराला किमान तीन, कोरडवाहूला किमान पाच वर्षांचा हवा. गावात मात्र हा करार ओसरीवर, तोंडी आणि हंगामापुरता होतो. कारण उघड आहे. कागद मागणाऱ्या कुळाला पुढच्या वर्षी जमीन मिळत नाही.

त्याच्याही खाली आणखी एक थर आहे, 'न्येब्लोक'. दोन-तीन बायका ठराविक तुकड्यात लावणी करतात, कुठे बेणणीही करतात, आणि पैसे घेत नाहीत. बदल्यात त्या तुकड्याची कापणी फक्त त्यांची, आणि कापलेल्या भाताचा पाचवा किंवा सहावा हिस्सा, 'बावोन', त्यांचा. मालकाचे लावणीच्या वेळचे रोख पैसे वाचतात, आणि नेमका तोच काळ त्याच्या हातात पैसा नसण्याचा. बायकांना कापणीचं काम आणि वर्षाचा थोडा तांदूळ नक्की होतो. पूर्वी कापणी कोणालाही खुली असे, विळीसारख्या छोट्या 'एतेम'ने लोंबी लोंबी खुडायला गावभरच्या बायका येत. बुटक्या, लवकर येणाऱ्या भातजाती आल्या, विळा आला आणि खुली कापणी आटत जाऊन न्येब्लोक पसरलं.

शंभर टुंबाकांचा हिशेब करून पाहू. वाळलेल्या भाताचं उत्पन्न हेक्टरी साडेपाच ते सहा टन धरलं, तर या तुकड्यात सुमारे आठ क्विंटल. सहावा हिस्सा बावोन गेला, उरले सुमारे सहा क्विंटल सदुसष्ट किलो. अर्धेलीत कसणाऱ्याला साधारण तीन क्विंटल तेहेतीस किलो. गिरणीतून शेकडा 63 च्या आसपास तांदूळ निघतो, म्हणजे जवळपास दोन क्विंटल दहा किलो. चार जणांच्या घराला वर्षाला चारेक क्विंटल लागतो. दोन हंगाम नीट आले तर घर खाऊन भागतं, विकायला काही राहत नाही, आणि यातून खताचा त्याचा हिस्सा वजा व्हायचाच आहे. एका हंगामात उंदीर किंवा तुडतुडे पडले की दुकानातून तांदूळ उसना येतो.

न्येब्लोक मोडतं ते दोन वाटांनी. मालक उभं पीक बाहेरच्या व्यापाऱ्याला एकरकमी विकतो आणि व्यापारी आपली टोळी घेऊन येतो, ही एक. सपाट भागात कापणीयंत्र येतं, ही दुसरी. दोन्ही वेळा लावणी केलेल्या बायकांचा हक्क कुठेच लिहिलेला नसतो. लाज असलेला मालक त्यांना लावणीची मजुरी तरी देतो.

गदे: आपलं ताबेगहाण

पैशाची गरज पडली की सुंडा शेतकरी जमीन सहसा विकत नाही, 'गदे' ठेवतो. पैसे देणारा जमिनीचा ताबा घेतो, पीक खातो, आणि मूळ रक्कम परत मिळेपर्यंत जमीन त्याच्याकडे राहते. व्याज लिहिलेलं नसतं, कारण ते धार्मिकदृष्ट्या वर्ज्य. पण दर हंगामाचं पीक हेच ते व्याज. आणि बरेचदा गहाण घेणारा तीच जमीन मूळ मालकाला मारोने कसायला देतो. माणूस आपल्याच खाचरात अर्धेलीवाला होतो. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच बदललेलं दिसत नाही, तोच माणूस, तोच नांगर.

मुदत बहुतेक वेळा नसतेच, 'पैसे आले की सोडव' एवढंच. इथे कायदा ऋणकोच्या बाजूने भक्कम आहे, पण गावात तो फार कमी जणांना ठाऊक असतो. 1960 च्या 56 क्रमांकाच्या कायद्याचं सातवं कलम म्हणतं: गहाण सात वर्षं चाललं असेल, तर उभं पीक निघाल्यावर महिन्याभरात जमीन परत करायची, आणि धनकोला एक पैसाही मागता येणार नाही. सात वर्षांचं पीक खाल्लं म्हणजे कर्ज फिटलं, असा त्यामागचा हिशेब. त्याआधी सोडवायची असेल तर सूत्र आहे. साडेसातातून झालेली वर्षं वजा करा, सातने भागा, मूळ रकमेने गुणा. दोन कोटी रुपियाचं गहाण तीन वर्षांनी सोडवायचं तर साडेचार भागिले सात, म्हणजे सुमारे एक कोटी साडेअठ्ठावीस लाख. प्रत्यक्षात मात्र लोक पूर्ण रक्कम मोजतात. ज्याने अडीनडीला पैसे दिले त्याला कायद्याचं कलम दाखवणं म्हणजे गावात पुढचं दार बंद करून घेणं.

कागद

मूळ कागद म्हणजे 'किकितीर' किंवा 'गिरिक', कराची चिठ्ठी. तिची गावातली बाजू म्हणजे 'लेटर सी' ही वही: नाव, क्रमांक, क्षेत्र, आणि प्रत. खाचरासाठी 'एस', कोरडवाहूसाठी 'डी', पुढे रोमन आकडा. आपल्या सातबाऱ्यासारखंच हेही मुळात साऱ्याचं दप्तर आहे. दरवर्षी येणाऱ्या करनोटिशीवर तर छापलेलंच असतं की हा मालकीचा पुरावा नाही. तरी घराघरात तीच पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेली असते.

खरा पुरावा म्हणजे भूमी कार्यालयाचं 'सेर्तिफिकात', आणि त्यावरचा सर्वांत पक्का हक्क 'हाक मिलिक'. मराठी कानाला हे ओळखीचं वाटलं तर नवल नाही. हक्क आणि मालक हे आपले शब्द ज्या अरबी धातूंतून आले, तेच तिकडेही पोचले. वारसाला ते 'वारिस' म्हणतात, जमिनीला 'बुमी' आणि खेड्याला 'देसा'. शेवटचे दोन संस्कृतातले.

2017 पासून सरकार गावच्या गाव एकदम मोजून दाखले देतं. जावा-बालीत गावकऱ्याने पूर्वतयारीसाठी भरायची रक्कम दीड लाख रुपिया ठरवलेली आहे. 2021 च्या एका शासकीय नियमाने जुने रूढीचे कागद पाच वर्षांत नोंदवून घ्यायला सांगितलं, त्यानंतर गिरिक हा हक्काचा पुरावा म्हणून धरला जात नाही, फक्त दिशा दाखवणारा दाखला उरतो. मोजणीच्या दिवशी चारही बाजूंचे शेजारी हजर हवेत आणि हद्दीवर त्यांची सही हवी. हद्द म्हणून जुन्या काळी लाल पानांचं 'हांजुआंग' लावत. ते झाड कोणी उपटलं तर लक्षात येतं, दगड सरकवला तर येत नाही.

काम अडतं ते बहुधा तीन ठिकाणी. वहीत नाव पणजोबांचं, आणि वारस जकार्तापासून सौदीपर्यंत पांगलेले. खरेदी झाली ती नुसत्या पावतीवर आणि महसुली तिकिटावर, अधिकृत खरेदीखताशिवाय, आणि विकणारा आता हयात नाही. किंवा वाटणी तोंडी झाली आणि प्रत्येकाला आपला भाग थोडा मोठा आठवतो.

बायको, नवरा, मुली

लग्नात आणलेली मालमत्ता ज्याची त्याची राहते, लग्नानंतर दोघांच्या कष्टाने झालेली 'गुना काया', सामाईक. घटस्फोटात ती निम्मी-निम्मी होते. 1991 च्या इस्लामी कायद्याच्या संहितेतही तेच आहे. श्रीमंत बायकोच्या घरी राहायला गेलेल्या गरीब नवऱ्यासाठी सुंडात शब्द आहे 'न्यालिंदुंग का गेलुंग', अंबाड्याच्या आडोशाला गेलेला. हे नुसतं टोमण्याचं नाव नाही, रूढीत ती लग्नाची मान्य तऱ्हा आहे. उलट बाजूला, गरीब बायको आणि श्रीमंत नवरा, 'मांगिह काया'.

वारशात धर्मशास्त्राप्रमाणे मुलाला दोन आणि मुलीला एक. पण संहितेचं 183 वं कलम म्हणतं की प्रत्येकाला आपला वाटा कळल्यावर सगळे मिळून वेगळी वाटणी करू शकतात. म्हणून अनेक घरांत समान वाटण्या होतात, किंवा आईबाप हयातीतच 'हिबाह' करून, म्हणजे बक्षीस म्हणून, तुकडे देऊन टाकतात. घर बरेचदा म्हातारपणी सांभाळणाऱ्या धाकट्या मुलीला जातं. या समान वाटणीची किंमत खाचराला द्यावी लागते: शंभर टुंबाकांचे चार भाग केले की पंचवीस-पंचवीस. तेवढ्यात बैल वळत नाही. म्हणून शहाणी भावंडं जमीन न फोडता पाळीने कसतात, एक वर्ष एकाचं.

गावाची स्वतःचीही जमीन असते. गावप्रमुखाला आणि कारकुनाला पूर्वी पगाराऐवजी कसायला दिलेली (आपल्या पाटलाच्या वतनासारखी), आणि जुनी गायरानं. ती विकता येत नाही. वाडीच्या वरच्या अंगाला बहुतेक वेळा सरकारी वनमहामंडळाचं पाइनचं जंगल किंवा वसाहतकाळापासूनचा चहाचा मळा लागतो. तिथे गावकरी कामाला जातो, झाडांखाली कॉफी लावतो, पण मालक होत नाही.

अलीकडे टेकडीचे तुकडे बांडुंग आणि जकार्ताची माणसं घेतात. शेतजमिनीचा मालक त्याच तालुक्यात राहणारा हवा, असा 1961 पासूनचा नियम आहे, तो स्थानिक ओळखपत्रावर किंवा गावातल्याच कोणाच्या नावावर वळसा घालून टाळला जातो. जमीन कसतो जुनाच माणूस, मारोने. खरी चणचण पाण्याची होते. दाखल्यावर चार कोपरे असतात, त्यातून जाणारा पाट नसतो. वर नव्या मालकाने कुंपण घालून पाट बुजवला की आधी खालचं तळं आटतं, मग पहिलं खाचर, मग ओळीने बाकीची. पाणीवाटप पाहणारा 'उलु-उलु' आणि गावची 'मित्रा चाइ' समिती मध्ये पडते, पण पाट पूर्वी कुठून जात होता हे दाखवायला त्यांच्याकडे म्हाताऱ्यांच्या आठवणीशिवाय फार काही नसतं. म्हणून इथे जमीन पाहायला जायचं ते ऑगस्टमध्ये, ऐन कोरड्या दिवसांत, आणि चालत सुटायचं ते झऱ्यापासून खाली.